भाषा शिकली, तरी परकाच

(आसेगाव येथील कार्यकर्त्यांच्या सभेतील भाषण)

साथींनो, बाहेरून आलेल्याने आपली बोली-रीत उचलली की तो आपला होतो, असे आपण म्हणतो. पोहरादेवीला येणारा बंजारा समाज पाहा. बैलांवर धान्य-मीठ वाहण्याचा त्याचा धंदा आगगाडीने बुडवला. तो तांड्यांत स्थिरावला, मराठी शिकला. भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये गेला. गावाची संशयी नजर गेली नाही.

विलायतेतही हेच घडले. केनियातील कित्येक भारतीय इंग्रजी बोलत, ब्रिटिश पासपोर्ट बाळगत. १९६८ मध्ये मजूर पक्षाच्या, होय, मजूर पक्षाच्याच सरकारने त्यांना अडवले. आई-बाप वा आजा-आजी ब्रिटनमध्ये जन्मलेले असल्यास मोकळीक होती. ती कोणत्या वर्णाच्या सोयीची, हे उघड आहे.

आपल्या सभा गावातच भरतात. पुढची तांड्यावर घ्यावी, अशी माझी सूचना आहे.