महागडी सायकल जुनी होते तेव्हा

ॲमस्टरडॅमच्या व्हॅनमूफ कंपनीची एस-३ ही विजेवर चालणारी सायकल २०२० मध्ये आली, तेव्हा तिची किंमत होती १,९९८ युरो. दिसायला देखणी. बॅटरी सांगाड्याच्या नळीतच दडवलेली. मागच्या चाकाजवळचं बटण पायानं दाबलं की कुलूप लागायचं, ते उघडायचं मोबाइलनं.

जुलै २०२३ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. सायकलमालकांच्या पोटात गोळा आला. मोबाइलला डिजिटल किल्ली देणारा कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर कुलूप उघडणार कसं? शेवटी बेल्जियमच्या काऊबॉय या प्रतिस्पर्धी कंपनीनंच डिजिटल किल्ली जपून ठेवणारं ॲप काढलं. पुढे दीडेक महिन्यात व्हॅनमूफला नवा मालक मिळाला, हे नशीबच म्हणायचं.

साध्या सायकलची चेन कोपऱ्यावरच्या दुकानातही बदलून मिळते. इथं मात्र सुटे भाग त्याच कंपनीचे. लिथियमची बॅटरी तर वापरली नाही तरी वयानुसार झिजतेच. त्यामुळे जुनी सायकल घेणारा नव्या बॅटरीचा खर्च मनातल्या मनात वजा करूनच भाव करतो. रंग कितीही चकचकीत असो!

अशी सायकल घ्यायची असेल, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून स्वतः लांबवर चालवून बघा. मूळ पावती आणि चार्जर मागून घ्या. आणि ॲपमधलं जुन्या मालकाचं नाव निघून तुमचं लागेपर्यंत पैसे खिशातच ठेवा.