मेकाँगच्या काठाने तीन देश

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



परदेशी सहलीची जाहिरात दिसली की आपली नजर आधी दोन आकड्यांकडे जाते. देश किती आणि दिवस किती? 'तीन देश, नऊ दिवस' असे छापलेले असले की आपण मनात भागाकार करतो आणि खूश होतो. लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाम या शेजारी देशांची सहल बहुधा अशीच विकली जाते. गेली काही वर्षे मी मराठी मंडळींच्या गटांबरोबर या भागात जाते. त्या अनुभवावरून सांगते, हा भागाकार इथे उपयोगाचा नाही. या तीन देशांना अठरा-वीस दिवस द्यावेत, आणि त्या दिवसांत गाइडला प्रश्न विचारावेत. आजचे माझे बोलणे मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

आधी हे तीन देश एकत्र का, ते पाहू. त्यांना जोडणारी एक नदी आहे, मेकाँग. तिबेटच्या पठारावर उगम पावून चार हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करत ती दक्षिण चिनी समुद्राला मिळते. लाओ भाषेत नदीला 'मे नाम' म्हणतात. 'मे' म्हणजे आई आणि 'नाम' म्हणजे पाणी. कृष्णामाई, गंगामाई म्हणणाऱ्या आपल्या कानांना हे लगेच ओळखीचे वाटते. १८६६ मध्ये फ्रेंचांची एक मोहीम या नदीतून चीनपर्यंत जलमार्ग मिळतो का, हे पाहायला सायगावहून निघाली. लाओस-कंबोडिया सीमेवरच्या खोन धबधब्यांनी तो बेत बसवला. पण फ्रेंच राहिले ते राहिलेच. १८८७ मध्ये त्यांनी व्हिएतनाम आणि कंबोडिया मिळून 'इंडोचायना' वसाहत केली आणि १८९३ मध्ये तिला लाओस जोडला. सहल कंपन्या आज हे तीन देश एका पुडीत बांधतात, त्याचे मूळ तिथे आहे.

प्रत्यक्षात हे शेजारी एकमेकांसारखे नाहीत. लाओस आणि कंबोडियात थेरवादी बौद्ध धर्म आहे आणि तिथल्या लिप्या आपल्या ब्राह्मीच्या वंशातल्या आहेत. व्हिएतनामवर चीनची छाया मोठी. तिथे पूर्वी चिनी अक्षरे वापरत, आता रोमन लिपी आहे. म्हणून देश बदलला की गाइडही बदलतो. आपल्याबरोबर मुंबई-पुण्याहून आलेला सहलप्रमुख खोलीची किल्ली आणि रात्रीचा वरणभात सांभाळतो. तो हवाच. पण देश दाखवतो तो स्थानिक गाइड. आणि त्याचे बोलणे ऐन रंगात आलेले असताना आपली निम्मी मंडळी सावली शोधत असतात, उरलेली फोटो काढत असतात.

सहल नदीच्या वाहत्या दिशेने करावी. म्हणजे सुरुवात उत्तर लाओसमधल्या लुआंग प्रबांगपासून. मेकाँग आणि नाम खान यांच्या संगमावरचे हे जुने राजधानीचे गाव १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. थायलंडच्या सीमेवरून इथे संथ बोटीने दोन दिवसांत येता येते. पहाटे भिक्षूंची रांग भिक्षेला निघते आणि गावकरी गुडघे टेकून त्यांच्या पात्रात चिकट भाताचा घास घालतात. इथला गाइड आदल्या संध्याकाळीच सांगतो, रस्त्याच्या पलीकडे उभे राहा, फ्लॅश वापरू नका, भिक्षूंच्या वाटेत जाऊ नका. एवढे पाळले की त्या पहाटेची शांतता आपल्यालाही लाभते. भिक्षूंचा वर्षावास तिथेही आश्विन पौर्णिमेच्या सुमारास संपतो. आपल्याकडच्या बौद्ध बांधवांना हे वेगळे सांगायला नको. त्या रात्री नदीवर दिवे लावलेल्या नावा सोडतात.

इतक्या शांत देशाबद्दलची दुसरी गोष्ट गाइड आपणहून सहसा सांगत नाही. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. लोकसंख्येच्या मानाने जगात इतका बाँबमारा दुसऱ्या कुठल्या देशावर झालेला नाही. त्यात सुमारे सत्तावीस कोटी छोटे गोळे होते आणि त्यांतले अंदाजे तीस टक्के फुटलेच नाहीत. ते अजून शेतात, रानात पडलेले आहेत. नांगर लागला, मुलाने खेळणे समजून उचलले, की स्फोट. राजधानी व्हिएंतियानमध्ये 'कोप' या संस्थेचे केंद्र आहे. तिथे कृत्रिम हातपाय मिळण्याची सोय होते आणि पाहुण्यांसाठी छोटे प्रदर्शनही आहे. बहुतेक सहलींच्या कार्यक्रमात ते नसते. गाइडला म्हटले, की तो आनंदाने नेतो. लागतो फक्त एक तास.

पुढचा मुक्काम कंबोडिया. अंकोर वाटविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बांधलेले हे विष्णुमंदिर. 'अंकोर' म्हणजे आपला 'नगर' शब्दच. पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचा जवळपास पन्नास मीटर लांबीचा शिल्पपट आहे, पश्चिमेकडे कुरुक्षेत्र आणि लंकेचे युद्ध. इथे आपल्या मंडळींना गाइडची गरज वाटत नाही. 'हे आम्हाला माहीत आहे,' म्हणत ती पुढे जातात. पण ख्मेर कारागिरांनी आपल्या कथा कशा मांडल्या, हे तोच सांगू शकतो. आपल्या पुरातत्त्व खात्याने १९८६ ते १९९३ या काळात इथे डागडुजी केली, तेव्हा देशात यादवी चालू होती आणि फारसे कोणी तिकडे फिरकत नव्हते. त्या कामाच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली. दोन्ही गोष्टी गाइडच्या तोंडून ऐकाव्यात.

जवळच तोन्ले साप सरोवर आहे. पावसाळ्यात मेकाँग इतकी चढते की सरोवरातून निघणारी नदी उलटी वाहू लागते आणि सरोवर चार-पाच पटींनी पसरते. पाणी उतरू लागले की नदी पुन्हा सुलट होते. या सुमारास, कार्तिक पौर्णिमेला, फ्नॉम पेनला नावांच्या शर्यती होतात. आपली त्रिपुरी पौर्णिमा तीच! जेवणात अमोक मागावा. नारळाच्या दुधातले मासे केळीच्या पानात वाफवलेले असतात. कोकणातल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

आता फ्नॉम पेन. तिथे तुओल स्लेंग नावाची जागा आहे. मूळची शाळा. १७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या ख्मेर रूजने शहर घेतले, काही दिवसांत ते रिकामे केले आणि या शाळेचा तुरुंग केला. हजारो माणसे आत गेली, जिवंत निघाली ती बोटांवर मोजण्याइतकी. जानेवारी १९७९ पर्यंत देशात पंधरा ते वीस लाख माणसे उपासमार, आजार, अतिश्रम आणि कत्तलीत गेली, आणि देशाची लोकसंख्याच होती ऐंशी लाखांच्या आसपास. २०२५ मध्ये ही जागा जागतिक वारसा यादीत आली.

अनेक जण म्हणतात, सहलीत असले कशाला? कोणाला नको असेल तर त्याने जरूर बाहेर थांबावे. पण २०१८ सालचा एक प्रसंग सांगते. आमच्या गाइडबाई पन्नाशीच्या होत्या. वर्गखोल्यांतून फिरताना तासभर त्या तारखा आणि आकडे सांगत होत्या, पाठ केल्यासारखे. आमच्या गटात साताऱ्याकडच्या एक काकू होत्या. अंगणात आल्यावर त्या मला म्हणाल्या, "तिला विचार गं, तेव्हा हिची आई कुठं होती?" मी विचारले. बाई क्षणभर थांबल्या आणि झाडाखालच्या बाकावर बसल्या. त्या वेळी त्या सात वर्षांच्या होत्या. आईचा हात धरून शहराबाहेर चालत गेल्या. वडील वाटेत वेगळे काढले गेले, ते पुन्हा दिसले नाहीत. आईने आपला चष्मा जमिनीत पुरला, कारण चष्मा म्हणजे शिकलेली बाई आणि शिकलेली म्हणजे संशयित. पुढची चार वर्षे ती नीट न दिसणाऱ्या डोळ्यांनी भाताची लावणी करत राहिली. "आई अजून आहे," बाई म्हणाल्या, "पण या फाटकाच्या आत ती एकदाही आलेली नाही." काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. त्या दिवशी बस अर्धा तास उशिरा सुटली आणि कोणीही तक्रार केली नाही.

फ्नॉम पेनहून नदीतून बोटीने व्हिएतनाममध्ये उतरता येते. तिथे मेकाँगच्या फाट्यांना 'नऊ ड्रॅगन' म्हणतात. कान थो जवळ तरंगता बाजार भरतो, नारळाच्या वड्या होतात, होडीत बसवून कालव्यातून फिरवतात. सगळे छान असते आणि गाइडला तेच दाखवायला सांगितलेले असते. एकदा आमच्यातले एक निवृत्त गृहस्थ, रायगडातले भातशेतीवाले, सहज म्हणाले, "खारं पाणी कुठवर चढतं हो इकडे?" गाइडचा चेहराच बदलला. त्याचे घर शेतकऱ्याचे. वर नदीवर धरणे झाली, गाळ कमी येतो, पात्रातली वाळू उपसली जाते, जमीन खचते आणि उन्हाळ्यात समुद्राचे पाणी आत सरकते. भात सोडून लोक कोळंबी करू लागले आहेत. खारभूमीचे बांध फुटताना पाहिलेल्या आमच्या गृहस्थांचे आणि त्याचे मग जे जुळले, त्यात दुभाषाचे काम करताना माझी दमछाक झाली. २०१९ मध्ये लाओसमधले शायाबुरीचे धरण सुरू झाले आणि लुआंग प्रबांगच्या वरच्या अंगाला आणखी एकाचे काम चालू आहे. एका शेजाऱ्याची वीज आणि दुसऱ्याचे भात, असा हा प्रश्न आहे. नदीच्या वाहत्या दिशेने आलेल्या प्रवाशाला तो नकाशाशिवाय समजतो.

मध्य व्हिएतनाममध्ये हॉय आनहून मी सनला जावे. चंपा राजांनी चौथ्या शतकापासून तिथे भद्रेश्वर नावाने शिव पुजला. १९६९ च्या बाँबहल्ल्यात बरीच मंदिरे पडली. तिथेही आपल्या पुरातत्त्व खात्याने काम केले आणि २०२० मध्ये नवव्या शतकातले अखंड दगडाचे शिवलिंग मिळाले.

थोडे व्यवहाराचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. एप्रिलचा उन्हाळा सोसवत नाही. तिन्ही देशांचा व्हिसा इंटरनेटवरून मिळतो. जुलै आणि डिसेंबर २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाली. त्यामुळे बँकॉकहून रस्त्याने अंकोरला जाण्याचा बेत चौकशीशिवाय आखू नये, विमानाने जावे. शाकाहारी मंडळींनी व्हिएतनाममध्ये 'चाय' हा शब्द लक्षात ठेवावा. तो आपला चहा नव्हे. तिथे त्याचा अर्थ शाकाहारी. नुसते 'भाजी' म्हटले तर तीत माशाचा रस असू शकतो. अमावस्या-पौर्णिमेला तिथले बरेच बौद्ध शाकाहार पाळतात. त्या दिवशी निवड जास्त मिळते.

आणि पैसे भरण्यापूर्वी सहल कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात. प्रत्येक देशात स्थानिक गाइड पूर्ण वेळ आहे का? एका गावी किमान दोन रात्री मुक्काम आहे का? कार्यक्रमात एखादी दुपार मोकळी आहे का? तिन्हींची उत्तरे 'हो' असतील तर दोन ठिकाणे कमी असली तरी चालतील.

गाइडला किती प्रवासी भेटतात! बहुतेक जण विचारतात, स्वच्छतागृह कुठे आणि खरेदी कधी. तेही विचारावेच, गरज असतेच. त्यानंतर त्याला त्याचे गाव विचारावे, शेत विचारावे, आईवडील विचारावेत. आपल्या घरी पाहुणा आला तर आपण हेच विचारतो. तिथे पाहुणे आपण असतो, एवढाच काय तो फरक.