लाल चेहरा आणि मेडिकलमधली ट्यूब



नांदेड-लातूरकडं वैशाखात कुणाचं तोंड लाल दिसलं की घरचे म्हणतात, ऊन लागलं. पण सावलीत बसूनही गाल लालच राहिले, आग होऊ लागली, पुरळ आलं, नाकाच्या कडेला बारीक तांबड्या शिरा दिसू लागल्या, तर तो रोझेशिया हा त्वचेचा आजार असू शकतो. सावळ्या रंगावर लाली लपते, आग लपत नाही. डोळे चुरचुरत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आपल्याकडं मात्र असा चेहरा पुष्कळदा ट्यूबमुळं होतो. वांग जावा, रंग उजळावा म्हणून मेडिकलमधून आणलेली ट्यूब. लातूरला नीटच्या शिकवणीला आलेल्या मुलींनो, मैत्रिणीची क्रीम लावण्याआधी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं, तर ते स्टेरॉइड. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, तोंड उजळ दिसतं आणि माणूस खूश होतो. पुढं कातडी पातळ होते, शिरा वर दिसतात. क्रीम थांबवली की त्याच वाहिन्या फुगतात, तोंड पेटतं. मग पुन्हा तीच ट्यूब! 2018 साली केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मिळतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

अशी ट्यूब बरेच दिवस लावली असेल तर ती कशी सोडायची हे डॉक्टरांना ठरवू द्या. नांदेडला विष्णुपुरीचं आणि लातूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडं त्वचारोग विभाग आहे. मेट्रोनिडाझोल, अझेलिक ॲसिड किंवा आयव्हरमेक्टिनचं मलम, गरज पडल्यास डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, असा उपचार काही आठवडे चालतो. गरोदर असाल तर आधी सांगा.

दिसणाऱ्या शिरा मलमानं जात नाहीत, त्याला लेसर लागतो, तोही बहुधा एकापेक्षा जास्त वेळा. सावळ्या त्वचेवर चुकीच्या लेसरनं डाग पडतात. म्हणून आधी थोड्याशा जागेवर करून बघा म्हणावं. पार्लरच्या स्वस्त पॅकेजला भुलू नका.

घरी लिंबू, टूथपेस्ट, घासणी काही नको. उन्हात सुती रुमाल, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. चहा जरा निवू द्या. ठेचा सगळ्यांनाच बाधतो असं नाही. खाल्ल्यावर तोंड तापत असेल त्यानंच सोडावा. चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या बाईला मात्र धग सोडता येत नाही. तिच्याकडची थोडी कामं घरातल्या दुसऱ्यांनी उचलावीत.

दवाखान्यात जाताना ट्यूब सोबत न्या. संपली असेल तर रिकामी न्या.