मिळकतीची व्यवस्था आणि मृत्युपत्र

(पुणे येथे ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या विषयाची सुरुवात मी पुण्यातीलच एका जुन्या मृत्युपत्रापासून करणार आहे. ७ ऑगस्ट १८९७ रोजी पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित यांचे निधन झाले. मृत्युशय्येवर असताना त्यांनी मृत्युपत्र केले आणि मिळकतीची जबाबदारी आपले स्नेही लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आदी विश्वासू मंडळींवर सोपविली. लोकमान्य त्या वेळी राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. बाबामहाराजांच्या पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. पुत्र झाला नाही किंवा झालेला पुत्र जगला नाही, तर विश्वस्तांच्या विचाराने दत्तक घ्यावा, अशी मृत्युपत्रात तरतूद होती.

पुत्र झाला, परंतु अल्पावधीतच वारला. १९०१ साली औरंगाबाद येथे दत्तकविधान झाले. पुढे ताईमहाराजांनी ते अमान्य केले व दुसरा मुलगा दत्तक घेतला. त्यानंतर जे प्रकरण उभे राहिले, त्यात लोकमान्यांवर फौजदारी खटला झाला, १९०३ साली शिक्षा झाली आणि १९०४ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. दिवाणी दावा मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला व १९१५ साली लोकमान्यांच्या बाजूने निकाली निघाला. मृत्युपत्रापासून या निकालापर्यंत अठरा वर्षे लोटली होती.

तेथे मृत्युपत्र होते, विश्वस्तही निःस्पृह होते. परंतु सर्व व्यवस्था अखेरच्या घटकेस झाली आणि ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता, त्यांच्याशी निवांतपणे बोलण्यास सवड उरली नाही. मिळकतीची व्यवस्था प्रकृती धडधाकट असताना आणि घरच्यांच्या माहितीने करावी, हा धडा आपण त्यातून घ्यावयाचा आहे.

कायदा काय वाटणी करतो?

“माझ्यामागे सर्व काही पत्नीचेच आहे, मग मृत्युपत्र कशाला?” असे पुष्कळ जण म्हणतात. हा समज चुकीचा आहे. अशी कल्पना करा की, कोथरूडमधील एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. सदनिका त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. मागे वृद्ध आई, पत्नी, एक मुलगा व एक मुलगी आहेत. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे या चौघांना प्रत्येकी चौथा हिस्सा मिळतो. पुढे आईही मृत्युपत्र न करता वारल्या, तर त्यांचा चौथा हिस्सा त्यांच्या सर्व अपत्यांकडे जातो. म्हणजे ज्या घरात पत्नी राहते, त्या घरात दीर आणि नणंदाही हिस्सेदार होतात. यात कोणाचाही दुष्टावा नसतो. मालकाने आपली इच्छा लिहून ठेवली नाही, एवढेच कारण असते.

भगिनींनी तर याकडे अधिक लक्ष द्यावे. अपत्यहीन विधवेने नोकरी करून घेतलेली सदनिकाही, मृत्युपत्र नसल्यास, प्रथम पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो.

मुलींच्या बाबतीत महाराष्ट्राने १९९४ साली कायद्यात दुरुस्ती करून, तोवर विवाह न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ साली केंद्रीय दुरुस्तीने विवाहित मुलींनाही तो मिळाला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयीचे संदेह दूर केले. म्हणून वडिलोपार्जित मिळकतीपैकी केवळ आपल्या हिश्शापुरतेच मृत्युपत्र करता येते, हे ध्यानात ठेवावे. मुस्लिम व्यक्तीस वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशाहून अधिक मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही.

नामनिर्देशित व्यक्ती मालक नव्हे

बँकेत किंवा विमापत्रावर एखाद्याचे नाव घातले की काम झाले, हाही असाच एक गैरसमज. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या मिळकतीसंबंधीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी स्पष्ट केले की, शेअर्स व म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. विम्याबाबत असाच निर्णय त्यापूर्वीच झालेला होता. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, मालकी मात्र कायदेशीर वारसांची किंवा मृत्युपत्राने ज्यांना दिली त्यांची असते. गृहनिर्माण संस्थेतील नामनिर्देशनानेही वारसांचे हक्क बुडत नाहीत. नामनिर्देशन अवश्य करावे, पण ते मृत्युपत्राशी जुळते असावे.

मृत्युपत्र कसे करावे?

मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही. ते साध्या कागदावर, आपल्या भाषेत, स्वहस्ते लिहिले तरी चालते. त्यावर आपली सही व निदान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत आणि मिळकतीत त्यांचा लाभ नसावा. वाद उद्भवल्यास न्यायालयात त्यांच्यापैकी एकाची तरी साक्ष सामान्यतः लागते, मग मृत्युपत्र नोंदलेले असले तरीही. वय अधिक असल्यास डॉक्टरांचा दाखला जोडावा. तो सक्तीचा नाही, पण उपयोगी पडतो. मिळकतीचे वर्णन सातबारा उताऱ्यावरून किंवा मिळकत पत्रिकेवरून अचूक उतरवावे आणि अंमलबजावणीसाठी एका विश्वासू व्यक्तीची व्यवस्थापक म्हणून नेमणूक करावी.

नोंदणी ऐच्छिक आहे. ती दुय्यम निबंधकांकडे केव्हाही करता येते. मजकूर गुप्त ठेवावयाचा असल्यास नोंदणी कायदा, १९०८ अन्वये मोहोरबंद लिफाफा जिल्हा निबंधकांकडे ठेवता येतो. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. शेवटचे वैध मृत्युपत्रच ग्राह्य धरले जाते. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते.

घरात बोला

अखेरीस एकच विनंती आहे. एखाद्या रविवारी घरातील सर्वांना एकत्र बसवा. परदेशी असलेल्या मुलालाही दूरध्वनीवर बोलवा. कागदपत्रे कोठे आहेत, कर्ज किती आहे, कोणाला काय व कोणत्या कारणाने द्यावयाचे योजले आहे, हे शांतपणे सांगा. एखाद्याला कमी दिले असेल, तर त्याचे कारण तुमच्या तोंडूनच त्याला कळू द्या. तुम्ही हयात असताना तो तुम्हाला प्रश्न विचारू शकतो, रागावू शकतो आणि समजूतही घालून घेऊ शकतो. नंतर विचारावयास उरते ते फक्त न्यायालय, आणि तेथे बहीणभावंडे परस्परांसमोर वादी-प्रतिवादी म्हणून उभी राहतात. ती वेळ आपल्या घरावर येऊ न देणे आपल्या हाती आहे.