शिक्का कोणाचा, ते आधी बघा

पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ कतारमध्येही पदवी देतं, हे आपल्या किल्लारी-औशाकडे फारसं कुणाच्या कानावर नसेल. 2021 साली दोह्यात त्याचं केंद्र सुरू झालं. आखातात नोकरीला असलेल्यांची मुलं तिथंच बी.कॉम., बीबीए करतात. पदवीवर शिक्का पुण्याचा. सिंबायोसिसनंही दुबईत बस्तान बसवलंय.

आता उलटी वाटही खुली झालीय. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, नोव्हेंबर 2023 मध्ये नियम केले आणि परदेशी विद्यापीठांना इथं येऊ दिलं. जून 2025 मध्ये यॉर्क, ॲबरडीनसह पाच संस्थांना मुंबई-नवी मुंबईसाठी इरादापत्रं मिळाली. अशा ठिकाणची पदवी मूळ विद्यापीठाच्याच नावानं मिळते, वेगळं समकक्षता प्रमाणपत्र लागत नाही. फी मात्र विद्यापीठच ठरवतं. आडतीवरच्या सोयाबीनच्या पट्टीकडे बघून घर चालवणाऱ्यांनी हा आकडा सगळ्यात आधी विचारावा.

भागीदारीचाही मार्ग आहे. ट्विनिंगमध्ये, म्हणजे भारतीय आणि परदेशी संस्थेनं मिळून चालवलेल्या अभ्यासक्रमात, 30 टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशात घेता येतात, पदवी भारतीय संस्थेचीच राहते.

फसगत होते ती निराळ्याच ठिकाणी. लातूरच्या ट्यूशन एरियातून बाहेर पडताना हातात चकचकीत माहितीपत्रक पडतं, ‘घरबसल्या परदेशी पदवी’. मान्यता न घेता परदेशी संस्थांशी परस्पर करार करून दिलेली पदवी यूजीसी ग्राह्य धरत नाही. म्हणून पालकहो, पहिला हप्ता भरण्याआधी त्या संस्थेचं नाव यूजीसीच्या संकेतस्थळावर तपासून घ्या.