नित्य ध्यान : अंतरीची त्रिकाळ पूजा
(वर्धापन सोहळ्यात दिलेले व्याख्यान)



सनई-चौघड्यांच्या निनादात ध्यानासारख्या निवांत विषयावर बोलणे काहींना विसंगत वाटेल. परंतु उत्सव आटोपून आपण घरोघरी परतल्यानंतर देवाशी आपले नाते कोणत्या रूपाने उरते, हा प्रश्न येथेच विचारला पाहिजे.

शास्त्रकारांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले आहेत. जत्रा, पालखी, वर्धापन ही नैमित्तिक कर्मे. नवस हे काम्य कर्म. त्रिकाळ पूजा हे नित्य कर्म. पहिल्या दोहोंत आपण महाजन सहसा उणे पडत नाही. नित्य पूजा मात्र आपण पुरोहितांच्या हाती सोपविली आहे. गर्भगृहापुरते ते यथायोग्यच आहे. पण अंतःकरणातील गाभाऱ्यात दुसऱ्याकरवी पूजा घडत नाही. तेथील पाळी रोज आपलीच असते.

आपल्या पूर्वजांचे स्मरण करा. इ. स. १५६० नंतरच्या काळात पोर्तुगीज अमलाखालील साष्टी प्रांतातील देवळांवर संकट कोसळले. कुठ्ठाळीहून श्रीमंगेश प्रियोळास, वेर्ण्याहून श्रीम्हाळसा मार्दोळास आणि केळशीहून श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. वास्तू मागे राहिल्या, देव तेवढे जुवारी ओलांडून अंत्रुज महालात आले. स्थान सुटले तरी नेम सुटू द्यायचा नसतो, हा बोध मला त्या स्थलांतरात दिसतो. आज संकट तसे नाही, परंतु स्थलांतर आहेच. आपली मुलेबाळे मुंबई, पुणे, बेंगळुरू, तसेच आखाती देशांत विखुरली आहेत. तेथील घरांत स्वतंत्र देवखोली असेलच असे नाही. या पिढीबरोबर पाठविता येण्यासारखा ठेवा एकच, आणि तो म्हणजे नित्य ध्यानाचा नेम.

हा नेम लावावा कसा? पतंजलींनी योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यास तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : तो दीर्घकाळ चालावा, मध्ये खंड पडू नये आणि तो आदरपूर्वक व्हावा. एका बैठकीत किती वेळ बसावे, याचे बंधन तेथे नाही. म्हणून प्रारंभी दहा मिनिटे पुरेत. वेळ व जागा मात्र ठरलेली असावी. प्रातःकाळी स्नानानंतर, वर्तमानपत्र किंवा दूरध्वनी हाती घेण्यापूर्वी, देव्हाऱ्यासमोर आसन घालावे. आसन फार उंच नसावे, फार सखल नसावे, हा गीतेच्या सहाव्या अध्यायातील संकेत आहे. पाठीचा कणा ताठ, शरीर सैल. ज्यांना जमिनीवर बसणे वयोमानाने कठीण, त्यांनी खुशाल खुर्चीवर बसावे.

प्रथम काही श्वास शांतपणे येऊ-जाऊ द्यावेत. मग कुलदेवतेची मानसपूजा करावी. आपल्याला देऊळ परिचयाचे आहे, हा मोठाच लाभ. मनानेच दीपस्तंभाजवळून यावे, सभामंडप ओलांडावा, गाभाऱ्यासमोर उभे राहावे. अभिषेक, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य असे उपचार क्रमाने अर्पण करावेत. शेवटी सर्व उपचार सोडून केवळ मूर्तीवर आणि नामावर चित्त ठेवावे. मन बाजारात जाईल, कचेरीत जाईल, कोर्टातील दाव्यातही जाईल. त्याच्याशी भांडू नये. जाणवताच त्याला परत गाभाऱ्यात आणावे. हे परत आणणे म्हणजेच अभ्यास होय.

एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करण्याच्या भरीस पडू नये. दिवेलागणीस पाच मिनिटे बसून नेम सावरावा. पतंजलींनी सांगितलेल्या नऊ अंतरायांत आळस आणि संशय यांच्याबरोबर व्याधीही आहे, आणि तिला पहिले स्थान आहे. तेव्हा आजारी माणसाने वैद्याचा सल्ला व औषध सोडून ध्यानास बसणे शास्त्रालाही धरून नाही.

फळ काय, असे आपण विचाराल. नित्य कर्माला फळाचा हिशेब लावायचा नसतो. तेज दिसले की नाद ऐकू आला, याची नोंद ठेवू नये. कसोटी घरातच आहे. बोलण्यातील कठोरपणा कमी झाला काय? भाऊबंदकीच्या गोष्टीत शब्द आवरता आला काय? देवस्थानच्या सभेत विरोधी मत शांतपणे ऐकता आले काय? यांतील एकाचे उत्तर जरी होकारार्थी आले, तरी देवाच्या दिशेने एक पायरी चढली, असे समजावे.

आणखी एक गोष्ट. महाजनकीचा हक्क आपल्याकडे परंपरेने पुरुषांच्या वंशपरंपरेने चालत आला. ध्यानाच्या दारी असा कॅटलॉग नाही. सासरी गेलेली लेक, घरात आलेली सून, आठ वर्षांचा नातू, सर्वांना तेथे सारखाच प्रवेश आहे. किंबहुना घरातील वडीलधारी मंडळी रोज निवांत बसलेली दिसली, तर मुलांना वेगळा उपदेश करावा लागणार नाही.

पुढील वर्धापनास आपण पुन्हा येथे जमू, तेव्हा प्रत्येक कुटुंबात निदान एका व्यक्तीचा हा नेम वर्षभर चाललेला असावा, एवढीच माझी विनंती आहे. श्री ती बुद्धी व बळ आपणा सर्वांस देवोत, ही श्रीचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.