कर कुणाचा, खर्च कुणासाठी?

(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



विहारात कराचं बोलणं कशाला, असं काहींना वाटेल. पण दीघनिकायातील कूटदंत सुत्त आठवा. महाविजित राजाला मोठा यज्ञ करायचा होता. राज्यात चोऱ्यामाऱ्या माजल्या होत्या. पुरोहित म्हणाला, अशा वेळी कर बसवू नका; नुसत्या शिक्षेनेही चोर संपणार नाहीत. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, सेवकाला वेतन द्या. राजाने तसे केले. लोक कामाला लागले आणि महसूलही वाढला.

परमपूज्य बाबासाहेबांनी प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील १९२५ च्या ग्रंथात इंग्रज सरकारला हाच जाब विचारला. जमीनमहसूल व मिठाचा कर गरिबाकडून घ्यायचा आणि खर्च मात्र लष्करावर करायचा. शिक्षणाच्या वाट्याला काय?

आमच्या वस्तीत आजही कुणी म्हणतं, "आम्ही कुठं कर भरतो?" अहो, साबण घेतला, मोबाईलचा रिचार्ज मारला, की कर भरलाच. १ जुलै २०१७ पासून त्याला जीएसटी म्हणतात. हा कर मजूर आणि मालक असा भेद करीत नाही. म्हणून मजुराला तो जास्त टोचतो. तेव्हा सरकारी खर्च ही आपल्यावरची मेहरबानी नव्हे.

खर्च नीट झाला तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर १९७५ मध्ये व्यवसाय कर आला आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. पगारदाराकडून कर घेतला, तेवढीच भर सरकारने घातली. त्यातून पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते झाले. खडी फोडणाऱ्या बाईच्या हाती मजुरी आली, ती गावच्या दुकानात गेली, दुकानदाराने जास्त माल भरला. एक रुपया असा चार घरी फिरतो. तोच रुपया कंत्राटदाराच्या खिशात गेला, तर तिथंच थांबतो.

अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी ठेवण्याची विशेष घटक योजना १९७९-८० मध्ये सुरू झाली. पण निधी कागदावर दाखवून मार्चअखेर पडून राहिला किंवा दुसरीकडे वळवला, तर वसतिगृहातल्या पोराचं जेवण तुटतं. म्हणूनच आंध्र प्रदेश व कर्नाटकाने २०१३ मध्ये त्यासाठी कायदे केले.

विहाराच्या दानाचा हिशेब आपण सर्वांपुढे वाचतो. तसाच सरकारी पैशाचाही मागू या. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून हाती आहे. महिन्यातली एक संध्याकाळ इथं बसून अंदाजपत्रक वाचू या. शिकलेल्या मुला-मुलींनी ते आयाबायांना समजावून सांगावं, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!